माझी पट्टी, पांढरी चार

मुलांच्या हौसेखातर घेतलेल्या आणि मुलं शिकायला, नोकरीला बाहेर पडल्यावर घरात मागे उरलेल्या वस्तू गोळा केल्या, तर आपल्या गावात एक मोठं दुकान थाटता येईल. कॅरम, बॅट, डंबेल्स आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांच्या पंगतीला येऊन बसलेली गिटार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी हट्टानं घेतलेली, एका गॅदरिंगपुरती वाजलेली आणि मग खोळ घालून कपाटावर चढवलेली. आमच्याकडेही होती. दर दिवाळीला मी ती खाली काढायची, पुसायची आणि परत वर ठेवायची. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ती शिकायला घेतली, तीही मोबाइलवरच्या धड्यांवरून. गावात हे कळल्यावर "काय हो, आता या वयात?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. त्याचं सविस्तर उत्तर एकदा देऊन टाकावं म्हणते.

आमचं गाव तासगाव. द्राक्षांचं आणि बेदाण्याचं. लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून म्हणजे गेली तीसेक वर्षं मी आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळात गाते. शास्त्रीय वगैरे काही शिकलेली नाही. पण आवाज बरा होता आणि वर चढायचा. त्यामुळे अभंगाचा उंच जाणारा चरण माझ्या वाट्याला यायचा. आमची पट्टी काळी चार. पेटीवाल्या काकू काळी चार दाबायच्या आणि आम्ही सोळा-सतरा बायका सुरू व्हायचो.

२०२१ मध्ये माझं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळं नीट पार पडलं. पण नंतर मंडळात गेले आणि वरचा सूर लागेचना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की थायरॉईडच्या वरच्या टोकाजवळून अगदी बारीक नस जाते. ती स्वरयंत्राच्या पडद्यांना ताण देते. ऑपरेशननंतर काहींच्या बाबतीत ती कमजोर होते आणि उंच सूर जातात. बोलताना कुणाला काही कळत नाही. बाजारात, फोनवर, घरात माझा आवाज होता तसाच होता. गेला होता तो फक्त गाण्यातला.

एका बाईसाठी सतरा जणींची पट्टी खाली येत नाही, आणि यावी असं मी म्हणूही शकत नव्हते. मग मी मंडळात बसून ओठ हलवायला लागले. टाळ हातात, चेहरा हसरा, आवाज शून्य. सहा महिने असे गेले. घरी एकटी असताना मात्र गुणगुणायची, तेव्हा लक्षात यायचं की खालच्या पट्टीत सूर शाबूत आहे. तो धरायला सोबत एखादं वाद्य हवं होतं. घरात पेटी नव्हती. गिटार होती.

शिकायचं कुठे? गावात गिटारचा क्लास नव्हता. सांगलीला होता, पण संध्याकाळी सहाला. म्हणजे एसटी, दूध, स्वयंपाक आणि सासूबाईंच्या औषधांची वेळ, सगळंच आड येणार. शिवाय बरोबर शिकणारी मुलं चौदा-पंधरा वर्षांची. २०१६ नंतर मोबाइलचं इंटरनेट स्वस्त झालं, त्यामुळे आपल्यासारख्यांच्या हातातही ही शाळा आली आहे. मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, जस्टिन गिटार बघ." ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे जस्टिन सँडरको यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही वेबसाइट. सुरुवातीचे धडे मोफत आणि क्रमाने लावलेले. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. व्हिडिओचा वेग पाऊणपट करून ऐकायचं आणि न कळलेलं परत ऐकायचं. हिंदीतूनही भरपूर धडे आहेत, तेही अधूनमधून बघते.

या शाळेचं मोठं सुख म्हणजे मास्तर कंटाळत नाहीत. एकच गोष्ट अकरा वेळा विचारली तरी अकराव्यांदाही तेवढ्याच हसऱ्या चेहऱ्यानं सांगतात. पन्नाशीनंतर नवं शिकताना आपल्याला अडवते ती लाज. घरात, नात्यात आपण मोठ्या झालेल्या असतो. आपल्याला विचारून पापड-लोणची होतात. तिथे चार बोटं तारेवर नीट ठेवता येत नाहीत हे कुणाला दिसू द्यायचं? बंद खोलीत मोबाइलसमोर ते चालून जातं.

आणि बोटं खरंच ऐकत नाहीत. जरा विचार करून बघा. आपला उजवा हात लाटतो, चिरतो, लिहितो, शिवतो. डावा हात आयुष्यभर मदतनीस. ताट धर, कणीक सावर, दार लोट. गिटारमध्ये उलटं आहे. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि सगळं बारीक काम डाव्या हाताकडे. त्यातही अनामिका आणि करंगळी म्हणजे लाडावलेल्या लेकी, कधी एकटीनं काही केलेलंच नाही. पहिले तीन आठवडे बोटांची टोकं पोळल्यासारखी दुखत होती. पुढे तिथे घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. एक गोष्ट कुठल्या धड्यात ऐकली नव्हती, ती सांगून ठेवते. भांडी घासल्यावर, धुणं धुतल्यावर लगेच वाजवायला बसू नका. पाण्यानं बोटं मऊ पडतात आणि तार आत रुतते. सराव आधी, भांडी नंतर. घरातली कामं करून उरलेल्या वेळात शिकायचं, ही आपली सवय इथे अशी मोडावी लागते.

धड्यांतली मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट एका मिनिटाची आहे. दोन कॉर्ड घ्यायच्या, मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि एकीवरून दुसरीवर किती वेळा जाता येतं ते मोजायचं. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर. आपला सा, ग आणि प एकदम वाजवला तशी. डी आणि ए या दोन कॉर्डमध्ये पहिल्या दिवशी माझे चार बदल झाले. साठ सेकंदांत चार! महिन्यानं अठरा, तीन महिन्यांनी सदतीस. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी हे आकडे मांडत गेले. आपल्याला प्रगती रोज दिसत नाही, पण आकडा दिसतो. ज्या दिवशी सगळं सोडून द्यावंसं वाटायचं, त्या दिवशी मागचं पान उलटायचं.

पेटीची ओळख असलेल्या मैत्रिणींसाठी एक गंमत सांगते. गिटारच्या दांड्यावर सतारीसारखे पडदे असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. एक पडदा पुढे गेलं, की पेटीवर एक घर पुढे, काळीपांढरी सगळी धरून. बारा पडदे झाले की सप्तक पूर्ण, आणि तो बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. सहा तारा मोकळ्या वाजवल्या तर जाडीकडून बारीकीकडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत वरची तीन. हे उमगलं तेव्हा ते परकं लाकूड एकदम ओळखीचं झालं. सा, म आणि प या तीन सुरांवरच्या तीन कॉर्ड आल्या, की बरेचसे साधे अभंग आणि भक्तिगीतं धरता येतात. डीला सा मानलं तर डी, जी आणि ए.

आणि माझ्या पट्टीचा प्रश्न सोडवला तो एका चिमट्यानं. कॅपो म्हणतात त्याला. दांड्यावर हव्या त्या पडद्याजवळ तो लावला की सगळ्या तारा तिथून सुरू होतात. बोटांचे आकार तेच, पट्टी नवी. मंडळाची काळी चार आणि माझ्या आताच्या आवाजाला सोसणारी पांढरी चार, यांत अंतर तीन घरांचं. पांढरी चार म्हणजे गिटारवाल्यांचा एफ. एफची कॉर्ड नवशिक्यांचा घाम काढते, कारण पहिलं बोट आडवं टाकून अनेक तारा एकदम दाबाव्या लागतात. पण तिसऱ्या पडद्याजवळ कॅपो लावून डीच्या आकारात वाजवलं, की निघते पांढरी चारच. त्या दिवशी दार लावून मी एक अख्खा अभंग गायले. वर्षभरानंतर. वरचा चरणही गायले.

आता या शाळेला काय जमत नाही तेही सांगायला हवं. पहिली गोष्ट, धडा थांबवता येतो हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मी सांगलीला क्लासला गेले असते, तर "जरा चहा टाक" म्हणायला कुणी सांगलीला आलं नसतं. घरात मात्र, "अगं, तू ते थांबव ना जरा!" धडा थांबतो, म्हणजे बाईही थांबते असा समज. त्यात धडा ज्या मोबाइलवर, त्याच मोबाइलवर नणंदेचा फोन, गॅसवाल्याचा मेसेज आणि शाळेच्या ग्रुपवरचं सुप्रभात. शेवटी दुपारी साडेतीन ते चार हा माझा तास, असं मी जेवताना सगळ्यांदेखत जाहीर केलं. अहोंनी "तास कसला, अर्धाच तर आहे," म्हणून चेष्टा केली. पण पुढच्या आठवड्यापासून साडेतीनचा चहा ते स्वतः करायला लागले. पहिल्या दिवशी साखर सापडली नाही. आता सापडते.

दुसरी गोष्ट, मास्तर आपल्याला दिसतात, आपण मास्तरांना दिसत नाही. माझं मनगट आणि अंगठा भलताच दुखायला लागला. व्हिडिओ कसा सांगणार? गिटार घेऊन मी मिरजेला गेले. मिरज सतार-तानपुऱ्यांचं गाव, २०२४ मध्ये तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं तारांखाली नजर घातली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तारा चार मिलिमीटर वर आहेत. पैलवानाला दाबवणार नाहीत." विकणाऱ्यानं ती तशीच गळ्यात मारली होती. कारागिरानं घोडी काढली, खालून घासली आणि बारीक तारांचा संच चढवला. बाराव्या पडद्यावर जेवढी तार खाली आणायची, त्याच्या दुप्पट घोडीतून काढावं लागतं, हे त्यानंच दाखवलं. तारा अडीच मिलिमीटरवर आल्या. मनगट आठवड्यात शांत झालं. किती मुलांनी आणि मुलींनी "आपल्याला जमत नाही" म्हणून असली गिटार कपाटावर टाकली असेल, कोण जाणे.

तिसरी गोष्ट, सोबत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या मंडळानं व्हिडिओ कॉलवर भजन करून पाहिलं होतं. आवाज एकीकडून दुसरीकडे पोचायला क्षणभर उशीर होतो, आणि भजनात तो क्षण पुरेसा असतो. सतरा जणींचे सतरा टाळ. शेवटी सगळ्या हसत सुटलो. बोलायला तो कॉल उत्तम, पण एका तालात एकत्र वाजवायला माणसं एका खोलीतच लागतात.

माझ्या खोलीत, म्हणजे शेजारच्या खोलीत, माझ्या सासूबाई असतात. वय चौऱ्याऐंशी. सुरुवातीला त्या वैतागल्या. "किती बाई तेच तेच ट्यँव ट्यँव?" महिनाभरानं एक दिवस आतून आवाज आला, "आत्ता कुठं अडकली न्हाईस बघ." मी चमकलेच. जात्यावर ओव्या म्हणत दळण काढलेली बाई ती. सूर आणि ठेका तिच्या कानात पक्का. तेव्हापासून त्या माझ्या परीक्षक. मधेच ठेका पळाला की कॉटवर काठी आपटतात. जस्टिन मास्तर दाखवतात आणि आमच्या आई ऐकतात. शिकायला दोन्ही लागतं.

या धड्यांच्या नादानंच मला एलिझाबेथ कॉटन भेटल्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरकाम करणाऱ्या बाई, जन्म १८९० च्या दशकातला. डावखुऱ्या, त्यामुळे उजव्या हाताची गिटार उलटी धरून स्वतःच शिकल्या. लहान वयात स्वतःचं गाणंही रचलं. मग लग्न, मूल, लोकांच्या घरची कामं. गिटार हातातून सुटली ती जवळपास चाळीस वर्षं. उतारवयात सीगर नावाच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कुटुंबाकडे कामाला असताना भिंतीवरची गिटार त्यांनी पुन्हा हातात घेतली. पहिली रेकॉर्ड १९५८ मध्ये आली, साठी ओलांडल्यावर. ग्रॅमी पुरस्कार मिळाला नव्वदीत. आपल्याला काही ग्रॅमी नको आहे. पण चाळीस वर्षं भांडी-धुण्यात गेलेल्या हातांना तार विसरत नाही, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

मंडळात गिटार न्यायची म्हटल्यावर आमच्या अक्का, मंडळाच्या प्रमुख, म्हणाल्या, "देवापुढं गिटार? पिक्चरात असल्यागत दिसंल की." मी म्हटलं, "अक्का, आपली पेटी तरी कुठं पंढरपुरात जन्मली?" खरंच आहे ते. पेटीचं मूळ असलेलं हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये तयार झालं. १९४० मध्ये तर आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आणि आज पेटीशिवाय भजन म्हटलं तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. गिटारवर हिंदुस्तानी राग वाजवणारे ब्रिजभूषण काबरा होऊन गेले, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड जगभर ऐकली गेली. अक्कांना यातलं किती पटलं माहीत नाही. "एकादशीला आण, बघू," म्हणाल्या.

एकादशीला मी कॅपो लावला आणि पांढरी चारमध्ये सुरुवात केली. एकटीच गाणार होते. दुसऱ्या चरणाला मागून आवाज आले. एक, दोन, मग तीन. वळून पाहिलं तर आमच्यातल्या थोरल्या तिघी. भजन संपल्यावर एक जण हळूच म्हणाली, "माझा पण आवाज दोन वर्षं वर जात नाही गं. मी नुसती तोंड हलवते." दुसरी म्हणाली, "मी पण." पाळी गेल्यानंतर बऱ्याच बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, हा आजार नव्हे, वयाचा भाग आहे. पण ते कुणी बोललंच नव्हतं. एका रांगेत बसून आम्ही चौघी एकमेकींपासून लपवत ओठ हलवत होतो! आता दर गुरुवारी शेवटचे दोन अभंग पांढरी चारमध्ये होतात. पेटीवाल्या काकूही ती पट्टी धरतात. अक्का पहिल्यांदा गप्प बसल्या, आता त्याही म्हणतात.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करावीशी वाटली, तर अनुभवाचे चार बोल. घरातली जुनी गिटार असेल, तर आधी जाणत्या माणसाकडून तारांची उंची बघून घ्या आणि बारीक तारांचा, दहा नंबरचा संच लावून घ्या. तारा सुरात लावायला मोबाइलवर मोफत ट्यूनर मिळतात. रोज लावूनच वाजवा, नाही तर कान बिघडतो. डाव्या हाताची नखं कापा. एकच धडेमाला धरा आणि तीच पुढे न्या. रोज नवा मास्तर बघितला की बघणं होतं, वाजवणं राहतं. रोज वीस मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त देतात. बोटांची टोकं दुखली तर चालेल, मनगट किंवा अंगठा दुखला तर थांबा आणि कुणाला तरी दाखवा. गिटार खोळीत, कपाटावर ठेवू नका. येता-जाता नजरेस पडली पाहिजे, म्हणजे हात जातो. आणि ऐकणारं एक माणूस जवळ ठेवा, चार शब्द कडू बोलणारं असलं तर उत्तम.

माझ्याकडे आता नऊ अभंग आणि दोन सिनेमातली गाणी जमा आहेत. डीवरून एवर मिनिटाला साठ बदल होतात. एफ अजून नीट वाजत नाही. सहापैकी दोन तारा मुक्या राहतात. कालपर्यंत तीन राहत होत्या.